तेलात मळलेल्या वाळूवरची रेस

केबलच्या धंद्यात मी बावीस वर्षं काढली. लोकांना वाटतं, हा वायरी ओढायचा धंदा. खरं तर तो गच्च्या चढायचा आणि शिव्या खायचा धंदा. मॅच चालू असताना वीज गेली तरी फोन मलाच. आमच्या केबलवर एक बाई वर्षभर कपडे वाळत घालत होत्या आणि चित्र पुसट दिसतं म्हणून दर आठवड्याला तक्रारही त्याच करत होत्या. एका निवृत्त हेडमास्तरांची तर पक्की समजूत होती की बातम्या मी निवडतो. "आज फारच अपघात दाखवलेस," असं ते मला रस्त्यात थांबवून सांगत.

या सगळ्यावर पुष्कळ लिहिता येईल, पण दिवाळी अंकासाठी लिहायचं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच संध्याकाळ आली. त्या वेळी जे त्यात होते ते सोडले, तर ती मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार असेल. मी आणि विलास, आम्ही दोघं आयटीआयमध्ये एका बाकावर बसून रेडिओ-टीव्ही मेकॅनिक झालो आणि पनवेलमध्ये भागीदारीत केबल सुरू केली. आमची पहिली डिश खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्या एका माणसाकडून बनवून घेतलेली होती. लोखंडी सांगाडा, वर जाळी, बारा फूट रुंद. ती आकाशातल्या ठरावीक जागेकडे रोखायची. बोटभर हलली की चित्रात मुंग्या. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आमची कंट्रोल रूम. तिथे रिसीव्हर, चित्र तारेत सोडणारी यंत्रं, एक छोटा टीव्ही आणि दुपारचा सिनेमा लावायला दोन व्हीसीआर. तारेत काय सोडायचं, डिशवरचं की टेपवरचं, ते एका वायरीच्या अदलाबदलीनं ठरे. हे नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्या वायरीवर आहे.

विलासला डिश फिरवायचा नाद होता. कधी कधी त्याला कच्चं चित्र सापडे. म्हणजे एका स्टेशनाकडून दुसऱ्या स्टेशनाकडे जाणारं, लोकांसाठी नसलेलं. त्यावर अक्षरं नाहीत, बोलणं नाही, जाहिराती नाहीत. एका हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहाला त्याला अशा चित्रात घोडे दिसले. आठ-दहा घोडे पळताहेत, पाठीवरच्या कापडावर नंबर, आणि पायाखाली हिरवळ नाही. तपकिरी-काळसर, एकसारखी जमीन. दुपारचं ऊन, पण प्रत्येक माणसाच्या तोंडातून वाफ.

"हे काय दाखवतोयस?" मी म्हटलं. "हे कोण बघणार?"

"बघणारे आहेत," विलास म्हणाला.

एसटी स्टँडजवळ दिनूशेठचं लॉज होतं. खाली खानावळ, वर माडी. मुंबईच्या रेसेसवर तो पूर्वीपासून बेटिंग घ्यायचा. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. माडीवर वेगळी तार हवी म्हणाला तेव्हा ती मीच ओढून दिली. मला कशाची कल्पना नव्हती असं म्हणून मी सुटू पाहत नाही. चित्र पोचवणं एवढंच आपलं काम, अशी मी मनाची समजूत घातली होती.

ती जमीन कसली, ते दिनूशेठनं कुठून तरी काढलं. विलायतेत थंडीत गवत गोठतं, पावसात चिखल होतो आणि रेस रद्द होते. म्हणून त्यांनी वाळू तेलामेणात मळून, त्यात प्लास्टिकचे बारीक धागे घालून एक कृत्रिम पट्टा बनवला. पाऊस असो की बर्फ, त्यावर रेस होणारच. बेटिंगवाल्याला आणखी काय हवं?

माडीवर आठवड्यातून दोनदा रेस लागू लागली. घोडे आधी गोल फिरवत तेव्हा नंबर दिसत. तेवढ्यावर दिनूशेठ फळ्यावर खडूनं भाव लिही. घोड्याचं नाव कुणाला ठाऊक नसे. तीन नंबर, सात नंबर, एवढंच. न्हावा शेव्याला कंटेनरची पाळी येईपर्यंत थांबलेले ट्रकवाले येत, कोर्टातले एक देशमुख म्हणून कारकून येत, जमिनी गेलेल्या गावांतली तरुण पोरं येत.

आणि हिराजीनाना म्हात्रे येत. उरणच्या बाजूचे, सत्तरीचे, काटक, डोक्यावर पांढरी टोपी. चाळीस वर्षं त्यांनी मिठागरावर काम केलेलं. मिठागर बंद पडलं आणि त्यांच्या दिवसाला काही कामच उरलं नाही. भाच्याबरोबर एकदा माडीवर आले आणि भाचा यायचा बंद झाला तरी हे येत राहिले.

पहिले कितीतरी दिवस त्यांनी बेट लावलीच नाही. एकदा मी अँप्लिफायर बदलत होतो, तेव्हा ते मला म्हणाले, "समदी घोडं बगतात. मी जमीन बगतंय."

"जमिनीत काय बघायचंय, नाना?"

"ही मानसानी केल्याली जमीन हाय. आमी पन क्येलीय."

मग त्यांनी सांगितलं. मीठ धरायच्या आधी वाफ्याचा तळ तयार करावा लागतो. खाऱ्या चिखलात बायामाणसांनी एका ओळीत उभं राहायचं आणि पायांनी तुडवत पुढे जायचं, दिवसच्या दिवस. तळ सारखा बसला नाही तर पाणी मुरतं, मीठ काळं येतं. कुठे घट्ट आहे, कुठे पोकळ आहे, ते पायाला कळतं आणि पुढेपुढे नुसत्या नजरेलाही कळायला लागतं.

"त्या कुंपनाच्या जवलचा पट्टा बग. थितं वालू जास्त उडते. म्हंजी मऊ हाय. थितनं धावनारा दमनार. आनि मागं ऱ्हानाऱ्याच्या तोंडावर वालू बसते, त्यो मान वाकडी करतोय. पयला सुटून भायेरच्या अंगानी जो जाईल त्यो घोडा."

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा वीस रुपये लावले, पाच नंबरवर. पाच नंबर सुरुवातीलाच सुटला, बाहेरून गेला आणि कुणाला सापडला नाही.

महिनाभरात माडीचा रंगच बदलला. नाना दिवसातून एकच बेट लावत, तीही वीस रुपयांची, आणि मग चहा घेऊन स्वस्थ बघत बसत. पण बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. नाना बोलले की सगळी माडी त्याच नंबरावर. ते दरवेळी बरोबर येत असं नाही. पण इतक्या वेळा येत की दिनूशेठनं हसणं सोडलं.

माझी त्यांच्याशी गट्टी जमली. एकदा त्यांना मी आमच्या गच्चीवर नेलं, डिश दाखवली. त्यांनी जाळीला हात लावला, आकाशाकडे बघितलं आणि विचारलं, "आत्ता थितं जे चाललंय त्येच आत्ता हितं दिसतंय?"

"तेच. पापणी लवायच्या आत."

"मोटं काम करता तुमी," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला त्याचा फार अभिमान वाटला. आमच्या धंद्याला मोठं काम म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस.

फेब्रुवारीतली ती संध्याकाळ. माडी गच्च भरलेली. दुसऱ्या रेसमध्ये वळणावर आतल्या कुंपणाजवळ एक घोडा घसरला. पडला नाही, पण स्वार मानेवर आला. रेस झाल्यावर माणसं फावडी घेऊन धावली आणि त्यांनी त्या जागी नवी वाळू ओतून दाबली. ओली, काळपट. चटईएवढा एक पट्टा वेगळा दिसू लागला.

"आता आतल्या अंगाला कोनी जानार नाय," नाना म्हणाले.

तेवढ्यात चित्राला मुंग्या आल्या. मी तिथेच होतो. कनेक्टर दाबून बघितला, तार हलवून बघितली. मिनिटभरात चित्र आपोआप आलं. तिसऱ्या रेसचे घोडे गोल फिरत होते. दिनूशेठनं दोन नंबरला चांगला भाव लिहिला. नानांनी सगळे घोडे पाहिले आणि म्हणाले, "दोन. पाय हलका टाकतोय." झालं, सगळी माडी दोन नंबरवर. देशमुखांनी खिसा उलटा केला. नानांचे नेहमीचे वीस रुपये.

घोडे सुटले. दोन नंबर पुढे होता. वळण आलं आणि आतल्या कुंपणाला चिकटून सात नंबर भरधाव आला. जिथून कुणी जाणार नाही म्हणून नाना म्हणाले होते, तिथूनच. दोन नंबर मागे पडला.

माडीवर आरडाओरडा सुरू झाला. आणि त्या आवाजात नाना उभे राहिले. त्यांचा हात टीव्हीकडे होता.

"थांबा! त्यो काला पट्टा कुठं हाय? मघा वलनावर वालू वतली ती कुठं गेली?"

कुणी ऐकेना. त्यांनी आवाज चढवला. "ही शर्यत आजची नाय!"

आता सगळे त्यांच्याकडे वळले. दिनूशेठ फळ्याजवळून सावकाश पुढे आला. त्याचा चेहरा अगदी शांत होता. "नाना, हरलात म्हणून काहीही बोलू नका. हा इथे उभा आहे केबलवाला. त्यालाच विचारा. सुधाकर, हे चित्र लाइव्ह आहे की नाही?"

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. नानाही. "तू सांग, पोरा," ते म्हणाले. "तू बोलशील त्ये खरं."

मी वळणाकडे लक्ष दिलंच नव्हतं. पट्टा होता की नव्हता, मला आठवत नव्हतं. पण माझ्या डिशवर, माझ्या कामावर कुणीतरी संशय घेतला होता, आणि तो मला झोंबला.

"लाइव्ह आहे," मी ठसक्यात म्हणालो. "शंभर टक्के. माझ्या डिशवरून येतंय. नाना, तुमच्या बघण्यात चूक झाली."

नानांनी डोळे चोळले. एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि खाली बसले.

मग जे झालं ते फार पटकन झालं. कुणीतरी ओरडलं, "म्हातारा शेठला सामील आहे! मुद्दाम दोन नंबर सांगितला!" ज्यांचे पैसे गेले होते त्यांना तेवढंच हवं होतं. एकानं नानांची गचांडी धरली. टोपी पडली. "पोरांनो, आयका तरी," ते म्हणत होते. जिन्याच्या तोंडाशी ढकलाढकली झाली आणि नाना लाकडी जिन्यावरून खालपर्यंत गेले. त्यांचा पाय घोट्यातून भलत्याच बाजूला वळलेला मी वरून पाहिला.

दोघा ट्रकवाल्यांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. मी बरोबर गेलो नाही.

थोड्या वेळानं स्कूटर काढली आणि कंट्रोल रूमवर गेलो. मनात संशय नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. घडलेलं विलासला सांगावं, एवढंच होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. विलास पाठमोरा बसून बिडी ओढत होता. छोट्या टीव्हीवर डिशचं चित्र चालू होतं. त्यात एक ट्रॅक्टर दात्यांची फळी ओढत वळणावरून सावकाश चालला होता. आणि ट्रॅक्टरच्या पुढे, आतल्या कुंपणाला लागून, तो पट्टा होता. चटईएवढा. काळपट.

मी तो किती वेळ बघत होतो कोण जाणे. मग माझी नजर वायरीकडे गेली. माडीची तार डिशच्या रिसीव्हरमध्ये नव्हती. ती व्हीसीआरमध्ये होती. मी वरच्या झाकणावर हात ठेवला. झाकण गरम होतं.

"सुध्या," विलास उठत म्हणाला, "तू इकडे कसा?"

"किती वेळा?"

त्यानं बिडी विझवली.

"विलास, किती वेळा केलंस हे?"

"आजची पाचवी." मग तो भराभर बोलायला लागला. माडी बंद असते त्या दिवशीच्या रेसा तो टेप करून ठेवत होता. कुठला नंबर येणार ते दिनूशेठला आधीच माहीत. मग हरणाऱ्या नंबराला तो चांगला भाव लावणार, म्हणजे सगळे त्याच्यावर जातील. "मोठ्या कंपन्या येताहेत रे. आपण दोन वर्षांत संपणार. दिनूशेठ नवी डिश घेऊन देणार होता. आपल्या दोघांसाठीच केलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

विलासनं मान खाली घातली. पण खोटं नाही बोलला. "दिनूशेठचा मघाशीच फोन आला होता. तुला सांगितलं असतं, तर आज माडीवर तू असा ठसक्यात बोलला असतास का? दिनूशेठच म्हणाला, सुधाकरला काही कळू देऊ नका. त्याच्या तोंडावर लोकांचा विश्वास आहे."

आम्ही एका डब्यात जेवलेलो. माझ्या लग्नात माझ्या बाजूनं उभा राहिलेला माणूस. त्याला मारावं असंही मला वाटलं नाही. मी वायर उपटली, टेप काढून शर्टाच्या आत घातली आणि खाली उतरलो.

सकाळी सरकारी दवाखान्यात गेलो. नाना खाटेवर होते, पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. शेजारी स्टुलावर त्यांची बायको. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टेप, विलास, ट्रॅक्टर, पट्टा. ते शिव्या देतील, तोंड फिरवतील, अशी तयारी करून आलो होतो.

ते कोपरावर रेलून उठायला लागले. "मंग मला दिसलं त्ये खरं व्हतं?"

"खरं होतं, नाना."

"पट्टा नव्हता?"

"नव्हता."

ते परत आडवे झाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बायको म्हणाली, "रातभर ह्येच चाललंय. माजं डोलं ग्येलं, माजं डोस्कं ग्येलं. पाय मोडलाय त्याचं काय नाय."

पायापेक्षा मी त्यांचं जास्त काही मोडलं होतं, ते मला तेव्हा समजलं.

"मला सांगितलंस ह्ये बरं क्येलंस," डोळे पुसून नाना म्हणाले. "पन आता थितं सांग. त्या समद्यांच्या म्होरं."

मी हो म्हणालो. तीन दिवस धीर होईना. चौथ्या दिवशी रेस होती. विलासनं दुसरीकडून तार आणून माडी पुन्हा चालू केली होती. मी वर गेलो, टीव्हीच्या पुढे उभा राहिलो आणि टेप हातात धरून सगळ्यांना सांगितलं. "नानांचं खरं होतं. रेस टेपवरची होती. मी न बघता बोललो. पाच वेळा तुम्हाला फसवलंय."

आता दिनूशेठला हे लोक फाडून खातील असं मला वाटलं होतं. एकदोघांनी शिव्या दिल्या. देशमुख उभे राहिले, दिनूशेठकडे बघितलं. दिनूशेठ एवढंच म्हणाला, "ज्याचा हिशेब असेल त्यानं नंतर भेटा." मग मागून कुणीतरी विचारलं, "ते झालं ते झालं. आजची तरी खरी आहे ना?" आणि फळ्यावर खडू चालायला लागला. "ए, बाजूला सर, दिसत नाही," असं मला सांगण्यात आलं.

आयुष्यात पुष्कळ धक्के खाल्ले, पण हा पचायला सर्वात जड गेला. नाना कसे आहेत, हे त्या पन्नास जणांपैकी एकानंही विचारलं नाही.

पुढे व्हायचं ते झालं. आमच्या तारा आठ दिवसांत सात ठिकाणी कापल्या गेल्या. विलासची आणि माझी भागीदारी तुटली. तो गिऱ्हाइकांचा अर्धा भाग घेऊन गेला आणि नंतर पनवेलही सोडून गेला. मेमध्ये पोलिसांनी माडीला कुलूप लावलं, ते दुसऱ्याच कसल्या तरी कारणानं. मी एकट्यानं धंदा पुन्हा उभा केला. नंतर मोठ्या कंपन्या आल्याच.

माडीवरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नानांच्या घरी गेलो होतो. ते ओटीवर पथारीवर पडले होते, पायाखाली उशी. सांगून आलो म्हणालो. लोक काय म्हणाले, तेही सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल, पण ते नुसते हं म्हणाले.

मग मी म्हणालो, "नाना, मला माफ करा. मी खोटं बोललो."

"नाय," ते म्हणाले. "खोटं बोलनाऱ्याला खरं काय त्ये ठावं असतं. तुला ठावंच नव्हतं. तरी तू बोललास. थांबा, बगून येतो, एवडं म्हनला अस्तास तर माजा पाय शाबूत अस्ता."

ते रागानं बोलले नाहीत. बायकोला त्यांनी हाक मारून चहा टाकायला सांगितलं. मी अजून ओटीच्या पायरीवरच उभा होतो. त्यांनी दोन्ही हातांनी प्लास्टरचा पाय उचलला, कण्हत भिंतीकडे सरकवला आणि पथारीच्या मोकळ्या झालेल्या कडेवर हात आपटून म्हणाले, "बस. उभा कशाला?"